हा खुळखुळा कुणाचा?

'खुळखुळा. लाकूड, कातडे, बिया. १९ व्या शतकाचा उत्तरार्ध.' मानववंशशास्त्रीय संग्रहालयात कुठल्याही काचपेटीसमोर उभं राहिलं की साधारण अशा धाटणीचं लेबल वाचायला मिळतं. त्यात चूक काही नसते. वस्तू कशाची, किती जुनी, सगळं बरोबर. पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तो एक नजर टाकतो आणि पुढच्या पेटीकडे सरकतो. गाईड म्हणून अशा दालनात वावरताना हे सरकणं मी इतकं पाहिलंय की आता नुसत्या पावलांच्या आवाजावरून कळतं, कोण थांबलंय आणि कोण चालत सुटलंय.

खुळखुळ्याचंच उदाहरण घेतलं, कारण त्याच्यावरून एकदा चांगलाच वाद झडला आहे. साल १८८७. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओटिस मेसन नावाचे क्युरेटर होते. त्यांनी वस्तू प्रकारानुसार लावल्या होत्या. सगळ्या जमातींची वाद्यं एकीकडे, सगळ्यांची भांडी एकीकडे, आणि मांडणी साध्याकडून गुंतागुंतीच्या वस्तूकडे जाणारी. बघणाऱ्याला वाटावं, माणूस पायरी पायरीनं वर चढत आला आणि सगळ्यात वरच्या पायरीवर आपण उभे आहोत. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस तेव्हा तिशीतही नव्हते. त्यांनी 'सायन्स' या साप्ताहिकातून या मांडणीला हरकत घेतली, आणि उदाहरण दिलं ते खुळखुळ्याचं. एखादा खुळखुळा अदृश्य शक्तींना बोलवायला किंवा पळवून लावायला वाजवतात. दुसरा केवळ पोराला आवाजाची मौज वाटते म्हणून बनवलेला असतो. दोन्ही वाजतात, दिसतातही सारखे. पण तेवढ्यावरून त्यांना शेजारी शेजारी ठेवलं तर दोघांचाही अर्थ गेला. वस्तू ज्या लोकांची, त्यांच्या बाकीच्या जगण्यासकट ती मांडली पाहिजे, असं बोआस यांचं म्हणणं होतं.

हा वाद आज फक्त मानववंशशास्त्राचे विद्यार्थी वाचतात, याचं मला वाईट वाटतं. संग्रहालयात लोकांसमोर उभं राहणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा. वस्तू बोलती करायची म्हणजे काय करायचं, याचं सगळं मूळ त्यात आहे. खुळखुळा समोर आला की पहिला प्रश्न 'हे कशाचं बनलंय' हा नसतो. वाजवत कोण होतं? कुणासाठी? वाजवल्यावर काय होईल अशी त्या माणसाची खात्री होती? याची उत्तरं हाताशी नसतील, तर टचस्क्रीन, दिवे, पार्श्वसंगीत यांवर कितीही खर्च करा, माणूस स्क्रीन बघतो आणि वस्तू बघायची राहून जाते.

माझी स्वतःची सुरुवात बहुतेक वेळा झिजेपासून होते. आमच्या दालनात पश्चिम आफ्रिकेतलं एक भोपळ्याचं भांडं आहे. वाळवून, पोखरून, अर्धं कापलेलं. शेजारच्या पेटीत एक भव्य मुखवटा आहे, त्यामुळे या भांड्याकडे कुणी वळत नाही. मी टॉर्च तिरका धरते आणि कडेपासून खाली गेलेली भेग दाखवते. भेगेच्या दोन्ही अंगांना बारीक भोकं पाडलेली आहेत, आणि त्यांतून धागा ओवून भेग शिवून टाकली आहे. कापड शिवावं तशी. टाके एकसारखे, घट्ट, जवळजवळ नक्षीसारखे. एका ठिकाणी मात्र धागा वेगळा आहे, जरा जाडसर आणि गडद. म्हणजे पहिली शिवण तिथं तुटली आणि भांडं पुन्हा एकदा दुरुस्त झालं. वाळलेल्या भोपळ्याला भोक पाडताना हात जरा जड पडला तर भेग आणखी पळते, हे माहीत असलेल्या माणसाचं ते काम आहे.

एवढं दाखवून मी गप्प बसते. लोक वाकून बघतात. एकदा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे टाकून नाही दिलं." मग आपल्या नातवाला त्यांनी ती शिवण बोटानं, काचेवरूनच, टाक्यामागून टाका मोजून दाखवली. तो मुखवटा त्यांनी पाहिला की नाही, मला आठवत नाही.

इथं एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. अशा वेळी गाईडला मोह होतो. 'एक होती बाई, एका संध्याकाळी तिच्या हातून हे भांडं पडलं' असं सुरू केलं की मुलं लगेच मांडी घालून बसतात. मी तसं करत नाही, आणि नव्यानं आलेल्या गाईडनांही करू देत नाही. ती बाई आपण रचलेली असते. ती रचताना तिच्या तोंडी आपल्याच कल्पना जातात: ती गरीब असते, भोळी असते, निसर्गाच्या सान्निध्यात राहणारी असते. ज्या लोकांबद्दल शंभर-दीडशे वर्षं दुसऱ्यांनीच बोलून ठेवलंय, त्यांच्या नावावर आणखी एक काल्पनिक माणूस कशाला चढवायचा? भांड्यावर खरोखर जे दिसतं ते पुरेसं आहे. दोन धागे, दोन दुरुस्त्या, म्हणजे मधे वापराचा बराच काळ. लोकांना रचलेल्या गोष्टीइतकंच, किंबहुना जास्त, हे लक्षात राहतं, कारण शोध त्यांनी स्वतः लावलेला असतो.

पण प्रत्येक वस्तू इतकी मोकळी नसते. काही वस्तूंपुढे नुसती नजर चालत नाही. मार्शल बेटांचा काड्यांचा नकाशा घ्या. पॅसिफिक महासागरातल्या या बेटांवरच्या दर्यावर्दींनी नारळाच्या झावळीच्या मधल्या दांड्यांच्या काड्या एकमेकींना बांधून हे नकाशे केले. काही काड्या सरळ, काही वाकवलेल्या, आणि मधे मधे बांधलेल्या लहान लहान कवड्या. पाहणाऱ्याला वाटतं, कवड्या म्हणजे बेटं आणि काड्या म्हणजे मार्ग. यातलं पहिलं खरं आहे. काड्या मात्र मार्ग दाखवत नाहीत, त्या लाटा दाखवतात. दूरवरून येणारी मोठी लाट बेटाला भेटली की वाकते, बेटाला वळसा घालून पलीकडे जाते, आणि दुसऱ्या बाजूनं वळून आलेल्या लाटेला आडवी येते. जिथं अशा दोन लाटा एकमेकींत मिसळतात, तिथं होडीचं हलणं बदलतं. बेट अजून नजरेच्या टप्प्यात नसतं, पण पाण्याला त्याचा पत्ता लागलेला असतो.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. हा नकाशा समुद्रावर नेत नसत. जमिनीवर बसून शिकायचा, पाठ करायचा आणि घरी ठेवून निघायचं. होडीत दर्यावर्दी कधी कधी आडवा पडून राही, म्हणजे लाटांची चाल थेट अंगाला कळावी. ही विद्या मोजक्या लोकांतच राहात असे, आणि बांधणारा आपल्या पद्धतीनं बांधत असल्यामुळे एकाचा नकाशा दुसऱ्याला नीट उलगडेलच असं नव्हे. जर्मन नौदलातल्या विंकलर नावाच्या कप्ताननं १८९८ मध्ये या नकाशांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं, आणि बाहेरच्या जगाला त्यामागचं तर्कशास्त्र कळू लागलं.

आमच्याकडे या नकाशाची एक प्रतिकृती हाताळायला ठेवलेली आहे. मी ती लोकांच्या हातात देते, मग परत घेते, आणि त्यांना डोळे मिटून पाय जरा फाकवून उभं राहायला सांगते. सुरुवातीला सगळे हसतात. एकदा गटात एक काका होते, आयुष्य मासेमारीच्या बोटीवर गेलेलं. ते हसले नाहीत. डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, दोन लाटा वेगवेगळ्या कळतात अंगाला. एक बोट उचलते, दुसरी कुशीवर वळवते. अंधारात तर जास्तच कळतं." मग त्यांनी मांडीवर हात ठेवून दोन्ही हेलकावे करून दाखवले. नकाशातल्या दोन वाकड्या काड्या जिथं एकमेकींना छेदतात, तिथं सगळ्यांनी पुन्हा पाहिलं. माझ्या बोलण्यानं जे कधी झालं नव्हतं, ते त्या माणसाच्या शरीरानं दोन मिनिटांत केलं. तेव्हापासून मी गटाला आधी विचारते: तुमच्यापैकी कुणी विणकाम केलंय का, बोट चालवलीय का, लाकूड तासलंय का? बहुतेक गटांत असं कुणीतरी निघतंच, आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त दिसतं.

या नकाशाबद्दल बोलताना मी १९ व्या शतकात थांबत नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं मार्शल बेटांपैकी बिकिनी इथं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. किरणोत्सारी राख वाऱ्यानं रोंगेलापवर जाऊन पडली आणि तिथल्या लोकांना बेट सोडावं लागलं. दर्यावर्दी तयार करण्याची परंपरा रोंगेलापमध्ये होती. ज्या पाण्यात आणि खडकांवर ही विद्या शिकवली जाई, ती जागाच तुटली. पुढच्या पिढ्यांतल्या काहींनी ती पुन्हा शिकायचा, शिकवायचा प्रयत्न केला आणि तो आजही चालू आहे. काचपेटीतली वस्तू म्हणजे संपून गेलेल्या लोकांची वस्तू, असा एक समज प्रेक्षक घेऊनच येतात. भूतकाळी क्रियापदांनी भरलेली आमची लेबलं तो पक्का करतात. म्हणून बोलताना मी 'करत असत' आणि 'करतात' यांतला फरक फार जपते. जिथं लोक आजही करतात, तिथं 'करतात' असंच म्हणायचं.

लेबलाबद्दल तक्रार करून झाली, तर एका लेबलाचं मनापासून कौतुकही करायला हवं. ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स म्युझियम १८८४ मध्ये सुरू झालं, आणि गंमत म्हणजे त्याची मांडणी मेसन यांच्यासारखीच, प्रकारानुसार आहे. तिथं एक छोटीशी बाटली आहे, आतून चंदेरी मुलामा दिलेली, तोंड बंद केलेली. १९१५ च्या सुमारास इंग्लंडच्या ससेक्समध्ये, होव्हजवळच्या एका गावातल्या म्हातारीकडून ती मिळाली. लेबलावर तिचेच शब्द आहेत, तिच्या गावठी बोलीत: यात एक चेटकीण आहे म्हणतात, आणि तिला बाहेर सोडलं तर मोठी आफत येईल. बाटली आजवर उघडलेली नाही. त्या म्युझियममध्ये वस्तू, छायाचित्रं असं सगळं धरून पाच लाखांहून जास्त संग्रह आहे, तरी लोक ही बाटली शोधत येतात. बाटली दिसायला साधी आहे. तिला जिवंत ठेवलंय ते वस्तू देणाऱ्या बाईच्या आवाजानं. नोंद करणाऱ्याला 'लोकसमजुतीशी निगडित काचपात्र' असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यानं तिचे शब्द टिपले, हे केवढं मोठं काम!

आणखी एक मुद्दा, ऑक्सफर्डचाच. ही इंग्लंडमधली बाटली आफ्रिकेतल्या, पॅसिफिकमधल्या वस्तूंच्या सोबतीनं त्याच इमारतीत आहे. 'अंधश्रद्धा' दुसऱ्यांच्या आणि 'विज्ञान' आपलं, असं मनात धरून आलेल्या माणसाला ती बाटली बरंच काही सांगून जाते. तेवढ्यापुरती मला ती जुनी, प्रकारानुसार केलेली मांडणीसुद्धा आवडते, बोआस यांचा आदर राखून.

जिवंत करण्याच्या नादात उलटं काय होतं, त्याचं उदाहरण न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे. तिथं १९३९ मधला एक डायोरामा, म्हणजे पुतळ्यांनी उभा केलेला देखावा, आहे: डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंट आणि तिथल्या मूळच्या लेनापे लोकांची भेट. पूर्णाकृती पुतळे, मागे रंगवलेलं गाव, सगळं हुबेहूब वाटणारं. हुबेहूबपणाच त्यातला धोका होता. लेनापे माणसं लंगोटीवर, बायका ओझं वाहत मागच्या बाजूला, जणू त्यांना वाटाघाटीत स्थानच नव्हतं. २०१८ मध्ये म्युझियमनं हा देखावा हटवला नाही, झाकलाही नाही. काचेवरच मोठ्या अक्षरांत लिहिलं, यात काय काय चुकलंय आणि का. आता तिथं उभं राहिलं की एकाच वेळी दोन गोष्टी वाचाव्या लागतात: लेनापेंची, आणि १९३९ मध्ये त्यांच्याकडे कोणत्या नजरेनं पाहिलं जात होतं त्याची. मला हा उपाय फार धाडसाचा वाटतो. संग्रहालयानं स्वतःच्या काचेवर स्वतःबद्दल असं लिहिणं सोपं नाही.

तरीही, चूक दुरुस्त करणारा आवाज अजून संग्रहालयाचाच असतो. ज्यांची वस्तू, ते बोलू लागले की काय घडतं, हे पाहायचं तर पिट रिव्हर्समधल्याच पाच सदऱ्यांची हकीकत वाचावी. उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या ब्लॅकफूट लोकांचे हे हरणाच्या कातड्याचे सदरे, साळिंदराच्या काट्यांच्या भरतकामाचे. त्यातल्या तिघांवर केसांचे झुपके लावलेले. हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या गव्हर्नरच्या सचिवानं १८४१ मध्ये ते मिळवले आणि १८९३ मध्ये ते ऑक्सफर्डला आले. त्यानंतर एकही ब्लॅकफूट माणूस पिढ्यानुपिढ्या त्यांच्या जवळ जाऊ शकला नाही. २०१० मध्ये हे सदरे कॅनडाला, आल्बर्टातल्या दोन म्युझियममध्ये नेले आणि पाचशेहून अधिक ब्लॅकफूट लोकांनी ते जवळून पाहिले, हाताळले. सदरे दुसऱ्या कुणाचे नव्हते, पूर्वजांचे होते. माणसं त्यांच्याशी बोलली. काट्यांची वीण कशी घेतलीय हे जाणकार हातांनी तपासलं, तरुणांनी म्हाताऱ्यांना प्रश्न विचारले, आणि कपाटातल्या फायलींत नव्हतं असं कितीतरी ज्ञान त्या टेबलांभोवती बाहेर आलं.

यात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते 'हाताळले' हे. वस्तू टिकवायची म्हणून हात लावू द्यायचा नाही, हा संवर्धनाचा पहिला नियम. कातडं, काटे, केस, सगळं नाजूक. तरी तो निर्णय घेतला गेला, काळजी घेऊन, तज्ज्ञ सोबतीला ठेवून. म्हणजे अडचण वाटते तेवढी नियमांची नसते. वस्तू कुणासाठी जपतोय, हे एकदा ठरवलं की नियमांना वाट सापडते.

भोपाळच्या शामला टेकडीवर, इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात, दोनशे एकरांत आदिवासी समाजांची घरं उभी आहेत, आणि ती त्या त्या समाजातल्या लोकांनी स्वतः येऊन बांधली आहेत. डागडुजीलाही तेच येतात. त्या घराची ओसरी किती उंच असावी, हे क्युरेटर ठरवत नाही. बर्लिनमध्ये २०१५ पासून सीरिया आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांना गाईड म्हणून तयार केलं गेलं, आणि ते आपल्या लोकांना अरबीतून संग्रहालयं दाखवू लागले. वस्तूही दूर आलेली, दाखवणाराही. दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट मोलाची वाटते: 'ते' हा शब्द कमी होतो आणि 'आम्ही' ऐकू येतं.

आणि मग तो प्रश्न येतो, जो मुलं हमखास विचारतात आणि मोठी माणसं टाळतात: "हे इथं कसं आलं?" विकत घेतलं, भेट मिळालं, उचलून आणलं, लुटून आणलं, यांतलं जे खरं असेल ते सांगायचं. नोंदवहीत जेवढं आहे तेवढं, पण तेवढं सगळं. काही वेळा याचं उत्तर देताना वस्तू दालनातून काढूनच घ्यावी लागते. पिट रिव्हर्सनं २०२० मध्ये इक्वेडोर-पेरूकडच्या शुआर आणि आचुआर लोकांनी केलेली आकसलेली मस्तकं प्रदर्शनातून हटवली. ती तिथली सर्वात प्रसिद्ध पेटी होती. पण ती पाहून लोक त्या समाजांना रानटी ठरवूनच बाहेर पडतात, असं प्रेक्षकांच्या अभ्यासात दिसलं होतं. सर्वात जास्त गर्दी खेचणारी पेटी रिकामी करणं, हा निर्णय मला पूर्ण पटतो.

माझ्या गटांत सर्वात जास्त वाद होतो तो मात्र एका स्तंभावरून. तो आमच्याकडे नाही. मी फक्त त्याचं चित्र दाखवते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैस्ला लोकांच्या ग्प्सगोलोक्स या मुखियानं १८७२ मध्ये तो कोरून घेतला. देवीच्या साथीत त्याची माणसं गेली होती. नऊ मीटर उंचीचा हा स्तंभ १९२९ मध्ये स्वीडिश वाणिज्यदूतानं कापून नेला आणि तो स्टॉकहोमच्या संग्रहालयात पोहोचला. तो तिथं आहे हे हैस्लांना १९९१ मध्ये कळलं. त्यांनी परत मागितला, आपल्या कोरीवकाम करणाऱ्यांकडून संग्रहालयासाठी प्रतिकृती करून दिली, आणि २००६ मध्ये मूळ स्तंभ घरी परतला.

वाद परतीवरून होत नाही. संग्रहालयाची इच्छा होती की स्तंभ योग्य इमारतीत जपला जावा. हैस्लांच्या परंपरेत मात्र असा स्तंभ झिजतो, कलतो, पडतो आणि मातीत मिसळतो. ते त्याचं आयुष्य असतं. "मग एवढ्या लांबून आणलेलं सडू द्यायचं?" असं कुणीतरी चिडून विचारतंच. दुसरं कुणीतरी विचारतं, ज्यांच्या घरातली माणसं गेली होती त्यांना आपण कोण सांगणार? शाळेची मुलं असतील तर बहुतेक हैस्लांच्या बाजूनं. संग्रहालयात काम केलेले लोक अस्वस्थ होतात, आणि त्यांचं म्हणणंही मला कळतं, कारण वस्तू जपणं हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं असतं. मला विचारलं तर मी स्पष्ट सांगते: स्तंभाचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क हैस्लांचा, त्यात पडू देण्याचा हक्कही आला. मग मी घड्याळ बघते, पुढचा गट दाराशी ताटकळलेला असतो, आणि आतला गट अजून भांडत असतो.